मास्तरांच्या बाजूचा क्लच

मला सगळे मास्तर म्हणतात. शाळेतला मास्तर नव्हे, मी गाडी चालवायला शिकवतो. एकोणीस वर्षं झाली, आणि ही एकोणीस वर्षं मी कुणाला विसरू दिलेली नाहीत. केस कापायला बसलो तरी कात्री कानाशी यायच्या आत माझं सुरू होतं, "एकोणीस वर्षं, आणि माझ्या हाताखाली एकाचीही गाडी बंद पडलेली नाही." न्हावी बिचारा मान डोलावतो. कात्री त्याच्या हातात असते आणि तोंड माझं चालतं. हेच वाक्य मी दुकानाच्या पाटीवरही लाल अक्षरांत रंगवून घेतलं होतं: 'आमच्या शिकाऊंची गाडी कधीच बंद पडत नाही.'

माझी गाडी तितकीच जुनी. मधल्या आकाराची सेडान, म्हणजे श्रीमंताला लहान वाटते आणि आमच्या गल्लीला मोठी. एकेकाळी ती रुपेरी होती. आता कुणी तिचा रंग विचारला की मी विषय बदलतो. पण तिचा गिअरबॉक्स! पाच गिअर पुढचे, एक मागचा, सगळे हाताने टाकायचे. दांड्याच्या मुठीवरचे आकडे हात लागून लागून पुसले गेलेत आणि ती गुळगुळीत मूठ मी येणाऱ्याजाणाऱ्याला पदक दाखवावं तशी दाखवत असे.

ऑटोमॅटिक गाड्यांवर माझा विशेष राग. जिच्यात क्लच नाही, जिचे गिअर आपोआप पडतात, तिला मी गाडीच मानत नव्हतो. "ती चालवायची नसते, तिच्यात नुसतं बसायचं असतं," हे माझं ठरलेलं वाक्य. दुर्दैव असं की माझ्याकडून शिकून गेलेले बहुतेक जण पुढे ऑटोमॅटिकच घेत. शिंप्याच्या मुलीने घेतली. ग्रंथालयातल्या बाईंनी तर लायसन्स मिळालं त्याच महिन्यात घेतली. दातांच्या डॉक्टरांनी घेतली तेव्हा मी त्यांच्याच खुर्चीत आडवा पडून, तोंडात आरसा असताना, त्यांना आळसावर चार शब्द ऐकवले. त्यांनी दाढ जरा जोरात उपटली.

माझी बायको परिचारिका आहे. नऊ वर्षं तिला रात्रपाळी आहे. सकाळी ती घरी येते तेव्हा मी निघालेला असतो, आणि संध्याकाळी मी येतो तेव्हा ती चपला घालत असते. आमचा संसार उंबरठ्यावर चालतो. आधी मी त्यावर विनोद करत असे, पण पाचसहा वर्षांपूर्वी ती हसायची थांबली.

यंदा तिच्या आरोग्य केंद्रात एक नवी जागा निघाली. घरोघरी जाऊन रुग्णांना इंजेक्शनं द्यायची, जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. काम दिवसाचं. यादीत पहिलं नाव हिचं. अट एकच, केंद्राची गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. ती गाडी जुनी, गिअरची, म्हणून लायसन्सही गिअरच्या गाडीचंच हवं, आणि तेही तीन महिन्यांच्या आत. नाहीतर जागा यादीतल्या दुसऱ्या नावाला.

"शिकवाल मला?" तिने विचारलं.

एकोणीस वर्षं मी गावाला शिकवत होतो आणि घरातल्या माणसाला कधी विचारलंही नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याला थोडी लाज वाटली असती. मी छाती काढून म्हणालो, "अगं, माझ्याकडून शिकणार आहेस. काळजी कसली?"

दोन महिने मी संध्याकाळी लवकर घरी येऊ लागलो आणि पाळीवर जाण्याआधी रोज पाऊण तास ती शिकली. गाडी एकदाही बंद पडली नाही. पहिल्या दिवशीसुद्धा नाही! ती हरखून गेली. "मला वाटलं होतं क्लच फार अवघड असतो," ती म्हणाली. मी म्हणालो, "तुझ्या रक्तातच आहे," आणि मनात म्हणालो, शिकवणारा कोण आहे. तिने वॉर्डात सगळ्यांना सांगितलं. सेहेचाळीसाव्या वर्षी, पहिल्या दिवशी, एकदाही बंद न पाडता. ती हे सांगताना मी ऐकलं आहे. तिचा आवाज इतका तरुण मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

आणि मग परीक्षेला नव्या तपासनीस बाई आल्या.

आधीचे साहेब आरामात मागच्या सीटवर बसत, शिकाऊ स्टिअरिंगवर आणि मी शेजारी. नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी नियम काढला: शिकवणारा गाडीबाहेर. मला त्याचं काहीच वाटलं नाही. माझी पोरं तयार होती. त्या आठवड्यात माझे चार जण परीक्षेला बसले आणि चारही जण नापास झाले. प्रत्येकाचं एकच. चढावर थांबवून पुन्हा निघायला सांगितलं की गाडी आचका देऊन बंद. आणि एकदा बंद पडली की हे लोक हात मांडीवर ठेवून बसून राहायचे, पाहुणे जेवणाची वाट बघत बसतात तसे. चौघांतला कापडवाला तर खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि आत डोकावून बघत राहिला. बाईंनी त्याला विचारलं, "काय शोधताय?" तो म्हणाला, "आजवर असं कधी झालेलं नाही हो."

नाचता येईना अंगण वाकडं. मी आधी चढाला दोष दिला, मग पेट्रोलला, मग बाईंच्या चेहऱ्याला. शेवटी गाडीला दिला आणि ती मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री माझ्या गाडीला पहिल्या दिवसापासून ओळखतो. मी म्हणालो, "क्लच बिघडलाय. नीट बघ. पाच दिवसांवर बायकोची परीक्षा आहे."

मिस्त्रीने अर्धा तास वरून खालून पाहिलं. मग हात पुसत म्हणाला, "क्लचला काही झालेलं नाही, मास्तर. तुमच्या बाजूच्या पेडलचं रबर तेवढं परत गेलंय. नवीन घालतो."

शिकवणीच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही दोन पेडल असतात, एक क्लचचं आणि एक ब्रेकचं. माझं पेडल दाबलं की तारेने ओढून शिकाऊचंही पेडल खाली जातं. तो गडबडला तर मी सावरायचं, एवढ्यापुरती ती सोय. बाकी क्लच म्हणजे काय ते माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो: डाव्या पायाने दाबला की इंजिन आणि चाकं यांची ताटातूट होते, गिअर टाकता येतो; मग पाय बेताने सोडत ती दोघं पुन्हा जुळवायची. घाई केली की गाडी बंद पडते. सगळी मेख त्या सोडण्यात असते.

"परत म्हणजे?" मी विचारलं.

मिस्त्रीने फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात तीन रबरं होती, तिन्ही गुळगुळीत. "ही आधीची. सगळी तुमच्या बाजूच्या क्लचची. हे चौथं."

"आणि शिकाऊच्या बाजूचं?"

"ते कारखान्यातून आलं तेच आहे. बघा की, रेघासुद्धा शाबूत आहेत."

मी वाकून पाहिलं. एकोणीस वर्षांत शेकडो पाय ज्या पेडलवर पडले असं मी समजत होतो, त्याचं रबर जेमतेम माझ्या एकट्याच्या येण्याजाण्यापुरतं झिजलेलं होतं.

"मी तर माझ्या बाजूच्या पेडलला शिवतसुद्धा नाही," मी म्हणालो.

मिस्त्री हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "बसा तुमच्या जागेवर," तो म्हणाला, आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला. "आता माझ्याशी बोला."

"कशाबद्दल?"

"ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल बोला."

त्याबद्दल बोलायला मला कुणी दोनदा सांगावं लागत नाही. मी सुरुवात केली. लोकांना कशी कष्टाची सवय राहिली नाही, हातापायांचं गणित कसं विसरले. गाडी गॅरेजच्या अंगणातून निघाली, फाटकापर्यंत गेली, वळली, दुसऱ्या गिअरमध्ये पडली, परत जागेवर येऊन थांबली. लोण्यासारखी.

"आता माझा डावा पाय बघा," मिस्त्री म्हणाला.

त्याचा डावा पाय सीटवर दुमडलेला होता. आधीपासून. आणि माझा डावा पाय माझ्या पेडलवर होता, पूर्ण दाबून, माझ्याशी काही संबंध नसल्यासारखा.

"मास्तर, एकोणीस वर्षं ही गाडी तुम्हीच चालवलीत," मिस्त्री म्हणाला. "ती माणसं नुसती फिरायला यायची. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं ही तुमची पद्धतच आहे."

शिकाऊचा हात गिअरच्या दांड्याकडे गेला की माझा पाय दाबत होता, आणि तो निघाला की बेताने सोडत होता. पेडल खाली जायचं, वर यायचं, त्यांचा पाय त्याच्यासोबत वरखाली व्हायचा आणि त्यांना वाटायचं आपणच केलं. मलाही तसंच वाटायचं. मग परीक्षेलाही मीच शेजारी असायचो. म्हणजे एकोणीस वर्षं दर आठवड्याला माझीच परीक्षा व्हायची आणि दर आठवड्याला मी पास व्हायचो. लायसन्स मात्र भलत्याच्या नावावर निघायचं. दातांचे डॉक्टर, शिंप्याची मुलगी, ग्रंथालयातल्या बाई ऑटोमॅटिक का घेतात, ते मला गॅरेजच्या अंगणात कळलं. त्यांना दुसरं काही चालवताच येत नव्हतं. माझी गाडीच तर शहरातली सगळ्यात जुनी ऑटोमॅटिक होती, आणि तिचा गिअरबॉक्स माझ्या पायात होता.

मी घरी पायी जावं की काय असा विचार केला, पण गाडी घेऊनच जावं लागलं. संध्याकाळी बायको तयार होती. केस बांधलेले, हातात पाण्याची बाटली. तिला सांगायचं मी वाटेत शंभरदा ठरवलं होतं. उंबरठ्यावर आलो आणि शब्द गिळले. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हटलं पाच दिवस पाय लांब ठेवू, ती शिकेल गुपचूप, कुणाला काही कळायला नको.

धान्याच्या गोदामामागे एक मोकळा रस्ता आहे, एका टोकाला चढ. तिथे मी दोन्ही पाय सीटखाली घेतले आणि म्हणालो, "चल, निघ."

गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "हे काय झालं?"

"पेट्रोलमध्ये कचरा असेल."

तिने पुन्हा सुरू केली. पुन्हा आचका, पुन्हा बंद.

"आज मिस्त्रीकडे नेली होती ना?"

"त्यानेच काहीतरी करून ठेवलं असणार," मी म्हणालो. बिचाऱ्या मिस्त्रीची मी आजही मनातल्या मनात माफी मागतो.

तिसऱ्या वेळी गाडी अलगद निघाली. तिचा चेहरा खुलला. पण ती परिचारिका आहे, माणूस कुठे दुखतंय ते सांगत नसेल तर त्याच्या अंगाकडे बघायची तिला सवय आहे. तिने गाडी थांबवली आणि खाली, माझ्या पायांकडे पाहिलं. डावा पाय पुन्हा पेडलवर होता. मी तिथे ठेवल्याचं मला आठवत नाही.

"पाय काढा," ती म्हणाली.

मी काढला. तिने निघायचा प्रयत्न केला. बंद.

"आता ठेवा."

मी ठेवला. गाडी निघाली.

"काढा."

बंद.

असं तिने चारदा केलं. गुडघ्यावर हातोडी मारून रुग्णाचा पाय उडतो का बघतात, तसं. मग तिने किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून समोर बघत बसली.

"म्हणजे दोन महिने मी काय करत होते?"

मी सगळं सांगितलं. मिस्त्री, डबा, रबरं. काही लपवलं नाही, कारण लपवायला काही उरलं नव्हतं.

"मी सगळ्या वॉर्डाला सांगितलं हो," ती म्हणाली. "त्या मुली कामावर आल्या की मला विचारतात, ताई, आज कुठपर्यंत चालवली? मी सांगते. रोज सांगते."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला एकोणीस वर्षांच्या सगळ्या बढाया एकदम आठवल्या आणि प्रत्येकीची शरम वाटली. नऊ वर्षांत तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि तीही मीच करून टाकली होती, तिच्या हातात न देता.

"मला माहीत नव्हतं गं," मी म्हणालो. "खरंच माहीत नव्हतं."

"तेच तर," ती म्हणाली. "माहीत असतं तर निदान भांडता तरी आलं असतं."

मला वाटलं ती आता उतरून चालू लागेल. ती उतरली खरी, पण मागच्या सीटवरची तिची पिशवी घ्यायला. पिशवीतून तिने मुरगळलेल्या पायाला बांधतात ती रुंद पट्टी काढली, माझ्या बाजूचं दार उघडलं, खाली बसली आणि माझा डावा घोटा सीटखालच्या लोखंडी पट्टीला बांधून टाकला. गाठ अशी की मोठमोठे पहिलवान वॉर्डात त्या गाठीपुढे नमले असतील.

"उजवा मोकळा ठेवलाय, ब्रेकसाठी," ती म्हणाली. "तो पाय त्यातल्या त्यात शहाणा दिसतो."

"अगं, पण परीक्षेला पाचच दिवस—"

"तोंडालाही पट्टी आहे पिशवीत."

त्या संध्याकाळी गाडी एक्केचाळीस वेळा बंद पडली. मी मोजत होतो, कारण मला दुसरं काम नव्हतं. प्रत्येक आचक्याला माझा डावा पाय पट्टीला हिसका द्यायचा, आणि घरी गेल्यावर बघतो तर घोट्याला लाल वळ. गोदामाचे हमाल पोत्यांवर बसून आमच्याकडे बघत होते. त्यातला एक जण शेवटी म्हणाला, "मास्तर, तुमच्या पाटीचं काय झालं?"

त्याहून वाईट गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली. मला क्लच शिकवताच येत नव्हता. पाय शिकवत होता तोवर तोंडाला कधी शिकवावं लागलंच नव्हतं. मी म्हणायचो, "हळू सोड." ती विचारायची, "हळू म्हणजे किती?" मी म्हणायचो, "अंदाजाने." ती म्हणायची, "अंदाज पेशंटच्या जिवावर घ्यायचा नसतो असं आम्हाला शिकवतात." एकोणीस वर्षांचा अनुभव म्हणून माझ्याकडे ही दोनच वाक्यं निघाली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण म्हणतात. माझ्याकडे तर सांगायलाही काही नव्हतं.

शेवटी तिनेच शोधून काढलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "गप्प बसा जरा. मला ऐकू द्या." तिने डोळे मिटले, दोन्ही पाय पेडलवर ठेवले आणि क्लच अगदी थोडा थोडा वर येऊ दिला. एका जागी इंजिनाचा आवाज खाली उतरला आणि गाडीचं नाक किंचित उचललं गेलं. ती तिथेच थांबली.

"सापडली," ती म्हणाली.

"काय सापडली?"

"शीर. सुई टोचताना शीर सापडते ना, बोटाला कळतं, तसं. इथे थांबायचं, हात हलू द्यायचा नाही, मग पुढे."

तिने डोळे उघडले आणि गाडी निघाली. तिची स्वतःची, पहिल्यांदा. चढाच्या अर्ध्यावर पुन्हा बंद पडली, पण तोवर तिला बंद पडण्याची भीती उरली नव्हती. हॅण्डब्रेक ओढायचा, गिअर काढायचा, किल्ली, पहिला गिअर, शीर शोधायची, निघायचं. ती आता हे सगळं बोलतबोलत करायची, वॉर्डातल्या कुणाकुणाच्या गोष्टी सांगत. मी पट्टी बांधलेल्या पायाने शेजारी बसून ऐकत होतो. खरं सांगायचं तर नऊ वर्षांत इतका वेळ तिचं ऐकत मी कधी शेजारी बसलो नव्हतो. पाचव्या दिवशी गाडी सहा वेळाच बंद पडली.

परीक्षेच्या सकाळी मी कुंपणाबाहेर उभा होतो. शेजारी कापडवाला, दुसऱ्यांदा परीक्षा देऊन आलेला आणि दुसऱ्यांदा बॉनेटमध्ये डोकावून आलेला. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

बायकोने गाडी सरळ नेली, वळवली, उलटी घेतली. मग चढ. बाईंनी मध्येच थांबवायला सांगितलं. पुन्हा निघताना गाडीने मान हलवली आणि आचका देऊन बंद पडली.

माझा डावा पाय खाली गेला. कुंपणाच्या पायाशी एक सुटी वीट होती, तिच्यावर मी अंगातला सगळा जोर देऊन उभा होतो. वीट जमिनीत रुतली. गाडीला त्याचा पत्ताही नव्हता. यादीतलं दुसरं नाव, रात्रपाळी, उंबरठा, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मी काहीही करू शकत नव्हतो. असं काही न करता उभं राहायचा मला जन्मात सराव नव्हता.

आत हॅण्डब्रेकचा करकर आवाज झाला. किल्ली फिरली. मग क्षणभर काहीच नाही, आणि मला कळलं की ती ऐकते आहे. गाडीचं नाक किंचित उचललं. ती तिथे थांबली, पुरेशी थांबली, आणि गाडी चढ चढून वर गेली.

तपासनीस बाई उतरल्या तेव्हा कागदावर सही करून झाली होती. मला बघून त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून आलेल्यांमध्ये ह्या पहिल्याच, ज्यांना गाडी बंद पडल्यावर काय करायचं ते ठाऊक आहे. कुणी शिकवलं यांना?"

माझं तोंड आपोआप उघडलं. एकोणीस वर्षांची सवय, पायाला असते तशी तोंडालाही असते. मी ते मिटून घेतलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं हसू आलं, जे मला वाटलं होतं की संपलं.

"हे शेजारी बसले होते," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मी गाडी मिस्त्रीकडे नेली आणि माझ्या बाजूच्या क्लचची तार काढून टाकायला सांगितली. ब्रेक राहू दिला. मिस्त्रीने विचारलं, "आणि हे नवीन रबर?" मी म्हणालो, डब्यात टाक. चारही नापासांना मी परत बोलावलं आणि खरं काय ते तोंडाने सांगितलं. कापडवाला म्हणाला, "म्हणजे माझ्यात काही खोट नव्हती?" आता त्याची गाडी रोज वीसदा बंद पडते आणि तो रोज तक्रार करतो. पाटीवरचं वाक्य मी स्वतः शिडीवर चढून पुसलं. नवीन काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही. दातांच्या डॉक्टरांकडे जायची मात्र मी टाळाटाळ करतोय, दाढ दुखत असूनही.

सोमवारी बायकोचा नव्या कामाचा पहिला दिवस. मी तिला केंद्राच्या फाटकापर्यंत सोडायला गेलो, म्हणजे तीच मला घेऊन गेली आणि परत मला एकट्याने गाडी न्यायची होती. केंद्राची गाडी आवारात उभी होती, पांढरी, जुनी, गिअरची. तिने औषधांची पेटी मागे ठेवली. मी उगाच पुढे होऊन शेजारच्या बाजूला डोकावलो. तिथे पायाखाली नुसती रबरी चटई होती, पेडल नव्हतं.

"निघते," ती म्हणाली. "जेवायला थांबा हं संध्याकाळी. मी सहाला घरी असेन."

सहाला घरी. नऊ वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. मी मान हलवली.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि वळणावर, भर रस्त्यात, आचका देऊन बंद पडली. मागून दोन हॉर्न वाजले. मी फाटकाच्या गजाला धरून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, जिथे होतो तिथेच उभा राहिलो. मग ती पुन्हा सुरू झाली, आणि वळून दिसेनाशी झाली.